नागपूरला समुद्र होता तेव्हा

नागपूरला एकेकाळी समुद्र होता. ही गंमत नाही. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान आणि नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांच्यात तह झाला. चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये ठरले आणि ओरिसाचा मुलूख लवकरच पुरता नागपूरकरांच्या हातात आला. वर सुवर्णरेखा नदी, खाली चिलका सरोवर, मध्ये बालासोर, कटक, पुरी. १८०३ पर्यंत, म्हणजे तब्बल ५२ वर्षं, या किनाऱ्यावर नागपूरच्या दरबाराने नेमलेले सुभेदार बसत होते. त्याआधीच्या दहा वर्षांत भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालात जी लूटमार केली, तिची आठवण तिकडच्या अंगाईगीतात अजून टिकून आहे. 'बर्गी' आले, आता झोप, असं तिथल्या आया सांगत. ते बर्गी म्हणजे आपणच.

आज नागपूरची पोरं चार दिवस सुट्टी काढतात, मडगावच्या गाडीत बसतात, कुडाळला उतरतात आणि मालवणात तोंडात नळी धरून पाण्यावर पालथी पडतात. खाली मासे दिसतात. कोणी कयाक वल्हवत खाडीत शिरतं, कोणी डॉल्फिनसाठी सकाळीच होडीत जाऊन बसतं. या सगळ्याची जाहिरात 'साहस' म्हणून होते. मला त्यातलं साहस फारसं दिसत नाही, इतिहास मात्र दिसतो. ज्या नागपूरच्या हातात अख्खा किनारा होता, त्याला समुद्रातला जीव जिवंतपणी पाहावासा वाटायला अडीचशे वर्षं का लागली? आणि शेवटी तो दाखवला कोणी?

भोसल्यांना त्या समुद्रातून काय हवं होतं ते स्पष्ट आहे. पुरीला जाणाऱ्या यात्रेकरूंवरचा कर. किनाऱ्यावर पिकणारं मीठ, जे चोरवाटांनी बंगालात जायचं आणि इंग्रजांच्या मिठाच्या मक्तेदारीला नडायचं. बंदरांची जकात. जगन्नाथावर मराठ्यांची श्रद्धा होती. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा, तो मराठ्यांच्या काळात तिथून आणून पुरीला उभा केलेला. पण देवळाच्या मागे जो समुद्र गर्जत होता त्यात काय राहतं, याची चौकशी करण्याचं कोणाला कारण नव्हतं. त्यांना दोष द्यायचा नाही. अठराव्या शतकात जगातल्या बहुतेक राज्यकर्त्यांसाठी समुद्र म्हणजे पलीकडे जायचा रस्ता किंवा अलीकडे येणारा शत्रू.

तरीही एक सागरी प्राणी नागपूरच्या हिशेबात रोज मोजला जात होता. तो म्हणजे कवडी.

ओरिसात त्या काळी रोजचा व्यवहारच नव्हे, तर शेतसारासुद्धा कवड्यांत चाले. ८० कवड्यांचा एक पण, १६ पणांचा एक काहण, म्हणजे एका काहणात १,२८० कवड्या. रुपयाला साधारण चार काहण धरले तर एका रुपयाला ५,००० हून जास्त कवड्या झाल्या. त्या कवड्या ओरिसाच्या समुद्रातल्या नव्हत्याच. मालदीव बेटांच्या उथळ पाण्यातून त्या गोळा व्हायच्या, गलबतांच्या तळात भरताड म्हणून भरल्या जायच्या, बालासोरसारख्या बंदरात उतरायच्या आणि परतीला तीच गलबतं तांदूळ घेऊन जायची. पुढे इंग्रजांनी ओरिसा घेतल्यावर सारा चांदीच्या नाण्यात मागायला सुरुवात केली. कवडी घसरली, शेतकरी बुडाला, आणि १८१७ च्या पाइक बंडामागचं ते एक मोठं कारण ठरलं. एका गोगलगायीच्या कवचावरून बंड होऊ शकतं, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. पण आपली भाषा ते अजून विसरलेली नाही. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली माळही कवड्यांचीच.

आता पाहा, शतकानुशतकं कोट्यवधी कवड्या मोजणाऱ्या त्या कारकुनांपैकी जिवंत कवडी किती जणांनी पाहिली असेल? जिवंत कवडी आपल्या ओळखीच्या कवडीसारखी दिसतच नाही. तिच्या अंगाची मऊ, नक्षीदार झालर दोन्ही बाजूंनी वर येते आणि कवचाला जवळजवळ पूर्ण झाकते. त्या झालरीमुळेच कवचाला ती तकाकी येते. दिवसा ती दगडाखाली दडून बसते आणि रात्री चरायला निघते. मेल्यावर झालर जाते आणि उरतो तो चकचकीत सांगाडा. आपण पैसा मानला तो सांगाडा. समुद्राशी आपलं एकंदर नातंच असं राहिलं. इतवारीच्या सराफ्यात पोवळं मिळतं, मंगळासाठी बोटात घालतात. तो एका प्राण्याने बांधलेला सांगाडा. देव्हाऱ्यातला शंख, तोही. मोती शिंपल्याच्या पोटातला. देशाच्या मधोमध राहणाऱ्या माणसाच्या घरात समुद्र भरपूर होता, फक्त मेलेला.

१८०३ मध्ये हा किनारा गेला. ऑक्टोबरपर्यंत इंग्रजांनी पुरी आणि कटक घेतलं होतं, पण निकाल लागला तो समुद्रापासून शेकडो कोस दूर, वऱ्हाडात. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह. त्या तहात दुसऱ्या रघुजींनी कटक आणि बालासोर सोडलं. गाविलगड म्हणजे चिखलदऱ्याचा किल्ला, आजच्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतला. नागपूरने समुद्र गमावला तो वाघांच्या जंगलात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या गमावलेल्या किनाऱ्यावर गहिरमाथा नावाची जागा आहे. तिथे दरवर्षी ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या लाखांच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालायला येतात. भोसल्यांच्या काळात तो भाग कनिकाच्या राजाचा होता, आणि कनिकाचा राजा नागपूरचा हुकूम सोयीपुरताच मानायचा. पण कागदावर मुलूख नागपूरचा. वाड्यातल्या एकाही दप्तरदाराला या कासवांशी कर्तव्य असण्याचं कारण नव्हतं. जगातल्या शास्त्रज्ञांनासुद्धा गहिरमाथ्याचं महत्त्व कळलं ते १९७४ मध्ये. १९९७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झालं.

मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याला एका मादीच्या पुढच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला लावला गेला. क्रमांक ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. भारताला वळसा घालून जवळजवळ ३,५०० किलोमीटर. तोवर पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असंच बहुतेकांनी गृहीत धरलेलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा त्या समजुतीला पहिली चीर पडली होती. ०३२३३ ने उलटा प्रवास करून ती रुंद केली. आपणही तिच्यामागून कोकणात उतरू, कारण मराठी माणसाने समुद्राच्या आत डोकवायला सुरुवात केली ती इकडे.

तसं पाहिलं तर नागपूरला समुद्र दुसऱ्यांदा मिळाला. या वेळी लढाई न करता. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच जंगल होतं. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. पण कायदा 'वन्य' प्राण्यांचा होता आणि डॉल्फिन काही पाळीव नाही. हळूहळू त्याच्या अनुसूचीत समुद्री कासवं आली, डॉल्फिन आणि देवमासे आले, २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रकाकडी आणि व्हेल शार्कही आले. या सगळ्यांची जबाबदारी वनखात्याकडे. आणि महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक तिथे बसतात. कोकणातल्या कासवाच्या पाठीवर ट्रान्समीटर लावायचा तरी या कायद्याखालचा कागद त्यांच्या टेबलावरून जावा लागतो. ताडोबाच्या वाघिणीची फाइल आणि वेळासच्या कासवाची फाइल एकाच इमारतीत.

१३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरांच्या थोडा वर, पद्मगड आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा. यामागे शास्त्रीय कारण होतं. १९७९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सय्यद झहूर कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचं दाखवून दिलं होतं. तोवर प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप, अंदमान, कच्छ, मन्नार हेच समीकरण होतं. गढूळ पाण्याच्या कोकणात प्रवाळ वाढत असेल असं फारसं कोणाच्या मनात नव्हतं.

शास्त्र बरोबर होतं, पद्धत चुकली. 'अभयारण्य' या शब्दातच अरण्य बसलेलं आहे आणि नियमही अरण्याचेच आले. गाभा क्षेत्र, बफर क्षेत्र, हद्द, बंदी. जंगलात हद्द म्हणजे नाला, डोंगर, दगडावरची चुन्याची खूण. पाण्यावर रेघ कशी मारणार? आणि त्या रेघेच्या आत पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारे लोक होते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून पन्नास-शंभर माणसांनी ते ओढायचं. जो हात लावील त्याला वाटा. अशा गावाला एके दिवशी कळलं की आपलं पाणी आता अभयारण्य आहे. विरोध झाला नसता तरच नवल. वर्षानुवर्षं हे अभयारण्य प्रामुख्याने राजपत्रात राहिलं. मच्छीमारांना वाटे, आज हद्द आखली, उद्या होड्या बंद करतील. विदर्भात ज्यांची गावं व्याघ्र प्रकल्पातून उठली, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको.

गंमत अशी की मच्छीमारांचा खरा शत्रू अभयारण्य नव्हतंच. तो यांत्रिक होता. मोठे ट्रॉलर, आणि नंतर अख्खा थवाच्या थवा एका वेढ्यात उचलणारी पर्ससीन जाळी. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने दिवे लावून करायच्या एलईडी मासेमारीवर बंदी आणली. कागदावर. रापणकर अजूनही या बंदीच्या अंमलबजावणीसाठी भांडतो आहे. मासा कमी होत जाणाऱ्या याच काळात, याच किनाऱ्यावर, मासा न पकडता दाखवून पैसे मिळतात ही कल्पना आली. ती आधी आली असती तर वेड्यात काढली गेली असती.

इथे थोडं नळीबद्दल आणि कयाकबद्दल सांगायला हवं, कारण दोन्ही वस्तूंचा भूतकाळ त्यांच्या आजच्या भाबड्या चेहऱ्याशी जुळत नाही.

कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं, एका माणसाला कमरेपर्यंत बसता येईल एवढं भोक. ती इतकी अरुंद आणि इतकी बिनआवाजाची का? कारण सील किंवा वालरसच्या जवळ जाऊन त्याला भाला मारता यावा. म्हणजे डॉल्फिन 'बघायला' आपण जी होडी भाड्याने घेतो, ती मुळात समुद्री सस्तन प्राणी मारण्यासाठी जन्मली. तिचा तो गुण अजून गेलेला नाही. जाणकार वाटाडे सांगतात की मोटारबोट लांबून ऐकू येते, पण कयाक अचानक शेजारी उगवते आणि प्राणी दचकतो. म्हणून अंतर राखायचं, आणि हलकेच वल्ह्याचा आवाज करत जायचं.

स्नॉर्केल हा शब्द जर्मन पाणबुड्यांचा. पाण्याखाली राहूनच डिझेल इंजिनाला हवा मिळावी म्हणून वर काढलेली नळी. युक्ती डच नौदलाची, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उचलली. कल्पना मात्र फार जुनी. हत्ती सोंड वर काढून नदी ओलांडतो ते पाणबुड्यांच्या श्वासनळीसारखं, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. डोळ्यांवरच्या काचेची गोष्टही शिकारीचीच. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर हौशी लोक भाल्याने मासे मारायला चष्मे लावून बुडी घ्यायचे. त्याच पाण्यात तयार झालेल्या जाक कुस्तोने एमिल गान्यांबरोबर १९४३ मध्ये पाठीवरच्या नळकांड्यातून श्वास घेण्याचं यंत्र बनवलं आणि पुढे भाल्याऐवजी कॅमेरा घेतला.

काच काय करते ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. आपला डोळा हवेसाठी बनलाय. बुबुळाला थेट पाणी लागलं की प्रकाश हवा तितका वळत नाही आणि सगळं धूसर होतं. मुखवटा डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा ठेवतो, तेवढ्याने चित्र लख्ख होतं. मोबदल्यात थोडी फसवणूक: वस्तू असते त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. म्हणून मालवणहून परतलेला प्रत्येक जण मासा केवढा होता ते दाखवताना हात जरा जास्तच पसरतो. त्याचा दोष नाही, काचेचा आहे.

हा मुखवटा मालवणच्या पोरांच्या तोंडावर चढला, तेव्हा काहीतरी मोठं घडलं असं मला वाटतं. गाबीत समाजातल्या माणसाला समुद्र आपल्यासारखा अनोळखी नव्हता. वारा, भरती, पाण्याचा रंग, कुठल्या खडकाशी कुठल्या महिन्यात कुठला मासा, हे ज्ञान त्याच्याकडे होतं. पण ते वरून मिळवलेलं, जाळ्याच्या ओढीतून हाताला कळलेलं ज्ञान. सुरमई त्याने हजारदा पाहिली होती, टोपलीत. ती पाण्यात कशी वळते ते नव्हे. काच लावल्यावर तोच खडक, ज्यात बापाचं जाळं अडकून फाटायचं, तो प्रवाळाचा निघाला. बापाच्या शिव्यांचा धनी असलेला खडक आता पोराच्या कमाईचा झाला.

हे आपोआप झालं नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली; सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. २०११ नंतरची काही वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक मोठा प्रकल्प चालला. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष निघाला. या सगळ्यातून स्थानिक मुलांना प्रशिक्षण मिळालं, ट्रॉलरच्या जाळ्यांना चौकोनी आसाची शेपटी लावून लहान मासा सुटून जाण्याची सोय करण्याचा प्रयत्न झाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. कांदळवन म्हणजे चिखल, डास आणि सरपण, एवढीच ओळख असलेल्या खाडीत कोणी पैसे देऊन झाडाची मुळं बघायला येईल, हे तिथल्या कोणाला आधी पटलं असेल असं वाटत नाही. वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला २००२ पासून सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. नाना फडणवीसांचं ते मूळ गाव, पण आज बहुतेकांना ते कासवांमुळे माहीत आहे. नानांना हे आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

१९८७ च्या राजपत्राला जे जमलं नाही ते मुखवट्याने आणि महोत्सवाने बऱ्याच अंशी केलं. जिवंत प्राण्याला गावात किंमत आली. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेलं कासव किंवा डॉल्फिन सोडून देण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो काढावा लागतो. हे मला अभयारण्याच्या हद्दीपेक्षा शहाणपणाचं वाटतं. यात मच्छीमाराचं नुकसान कोणीतरी मोजलं आहे.

पण आता दुसरी बाजू. स्नॉर्केलिंग होतं ते मुख्यतः सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, म्हणजे नेमकं अभयारण्यात. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, कारण भोवतीचे बुडालेले खडक परक्या गलबतांना फोडतील. त्या खडकांनी बराच काळ शत्रूला लांब ठेवलं. पर्यटकाला ते थोपवू शकत नाहीत. हंगामात एकाच जागी होड्यांची दाटी होते, नांगर प्रवाळावर पडतो, पोहता न येणारा माणूस घाबरला की खाली पाय टेकवतो, आणि त्याच्या पायाखाली असतो तो दगड नव्हे, वर्षाला जेमतेम बोटभर वाढणारा किंवा तेवढाही न वाढणारा प्राण्यांचा समूह. मासे जमावेत म्हणून पाव टाकला जातो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे पावाभोवती गर्दी करतात, व्हिडिओ झकास येतो. पण मासा खडकावरचं शेवाळ खरवडायचं सोडून पाव खायला शिकला, तर शेवाळ प्रवाळावर चढतं. तापलेल्या पाण्याने मालवणचं प्रवाळ गेल्या दशकात पांढरं पडलेलं शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहेच. त्यात ही भर.

डॉल्फिनचं तसंच. मालवण-वेंगुर्ल्याला दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, उथळ पाण्यात किनाऱ्याला धरून राहणारा, जगभरात संकटग्रस्त ठरलेला. तो कानाने जगतो. गढूळ पाण्यात मासा शोधणं, पिल्लाला हाक मारणं, सगळं आवाजावर. चार होड्या इंजिन फोडत त्याच्यामागे लागल्या की आपल्याला दिसते ती उडी बहुधा आनंदाची नसते.

नागपूरच्या माणसाला हे नवीन नाही, आणि म्हणूनच मला वाटतं या बाबतीत आपल्याला बोलायचा थोडा हक्क आहे. पंधरा वर्षांपूर्वी वाघाभोवती जिप्सींचा गराडा पडायचा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं, मग मार्गदर्शक नियम आले. आज ताडोब्यात गाड्यांची संख्या ठरलेली, गाइड सक्तीचा, मंगळवारी सुट्टी. हे सगळं पाळलं जातंच असं नाही, तरी मोडलं तर मोडलं म्हणता येतं. कारण जंगलाला फाटक असतं. समुद्राला फाटक नाही. कुठल्याही वाळूवरून होडी ढकलता येते. खातीही अनेक: प्राणी वनखात्याचे, होडीचा परवाना मेरिटाइम बोर्डाचा, मासेमारी मत्स्यखात्याची, पर्यटक पर्यटन महामंडळाचा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतर काही दिवस नियमांची खूप चर्चा झाली. मग पाऊस आला, हंगाम संपला.

पुढच्या योजना तर याहून मोठ्या आहेत. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, असा प्रकल्प राज्याने घेतला आहे. गुलदार म्हणजे बिबट्या. वनभवनाच्या शहरातल्या माणसाला यात आपलेपणा वाटायला हरकत नाही. बुडवलेल्या जहाजांवर शिंपले, स्पंज, मग मासे येतात हे जगभर दिसलेलं आहे आणि किल्ल्याजवळच्या प्रवाळावरची गर्दी तिकडे वळली तर उत्तमच. पण तिथवर पर्यटक नेणार कोण, तिकिटातला किती भाग त्याच्या हातात पडणार, रापण ओढणाऱ्या वाड्यांना त्यात जागा असणार की नाही, हे जहाजाच्या तळावर नव्हे, करारात ठरेल. तिकडे वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला जातोय, आणि कोल्हापूरकडचे शेतकरी त्याविरुद्ध उभे आहेत. तो झाला तर नागपूरकर आजच्यापेक्षा खूप लवकर किनाऱ्यावर पोचेल. किनारा मात्र तेवढाच राहील.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. सकाळची वेळ घ्या, वारा पडलेला असतो. होडीत बसण्याआधी वाटाड्याला विचारा की नांगर कुठे टाकणार. हा प्रश्न विचारणारा पर्यटक क्वचित भेटतो, त्यामुळे तो आधी तुमच्याकडे जरा रोखून बघेल. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाण्यात उतरवत असेल तर उतरू नका. पाव नको म्हणून आधीच सांगा. आणि त्याला त्याच्या आजोबांच्या जाळ्याबद्दल विचारा. बहुतेक वाटाडे मच्छीमाराच्या घरातले असतात, आणि एखाद्या खडकाचं नाव, तिथे कोणाची होडी कुठल्या साली फुटली, पूर्वी कुठला मासा यायचा आणि आता का येत नाही, हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही. ते त्यांच्याकडेच आहे.

मे महिन्याच्या अखेरीस हे सगळं आवरतं. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, पाण्यातले खेळही पावसाळ्यात बंद. होड्या वाळूवर वर ओढून त्यांच्यावर झावळ्यांचं नाहीतर निळ्या प्लास्टिकचं छप्पर घातलं जातं, मुखवटे खारं पाणी धुऊन खुंटीला लागतात, आणि वाटाडा घरामागच्या पडवीत बसून फाटलेलं जाळं विणायला घेतो.